सैतानाच्या शोधात, पेन्सिल घेऊन

परवा नातीनं तिच्या कानातलं ते बोंडूक माझ्या कानात खुपसलं आणि म्हणाली, "आजी, ऐक. डेथ मेटल आहे, आणि उलटं लावलंय." मोबाइलवर बोट फिरवलं की गाणं शेवटाकडून सुरुवातीकडं वाजतं म्हणे. तिला वाटलं होतं, मी दचकेन, राम राम म्हणेन, मग ती पोट धरून हसेल. मला जांभई आली. मी म्हटलं, "बाई, हे मी पेन्सिलीनं केलेलं आहे. तुझी आई बारावीला होती तेव्हा." तिनं आईकडं पाहिलं, आईनं छताकडं पाहिलं. हा विषय निघाला की माझ्या लेकीचं असंच होतं.

आता मी नांदेडला परत आले आहे. गुडघे गेलेत, आणि दुपारी पाठ टेकल्यावर चहापर्यंत कुणी उठवू नये, एवढंच मागणं उरलंय. पण त्या काळातली मी आठवले की पडल्या पडल्या हसू येतं. काय बाई होती! अंगात दम भरपूर, डोक्यात उजेड बेताचा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा छडा आपणच लावायचा असा हट्ट. तिला आज भेटले तर मी तिला आधी झोपायला सांगेन.

भूकंपानंतर नवऱ्याची बदली नांदेडहून लातूरला झाली, पुनर्वसनाच्या कामावर. काही वर्षांनी भूकंप जुना झाला आणि शिकवण्यांचं वारं सुटलं. किनवटपासून रेणापूरपर्यंतची पोरं लातुरात येऊन राहायला लागली. पहाटेच्या बॅचला निघालेल्या सायकलींच्या घंटांनी गल्ली उठायची. ज्या लोकांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की आता जन्मात स्लॅबखाली झोपणार नाही, तेच लोक स्लॅबवर दुसरा स्लॅब चढवून पोरांसाठी खोल्या काढून राहिले होते. भाडं यायला लागलं की भीती एक मजला वर सरकते. अर्धं गाव भूकंपाच्या धास्तीनं जागं, अर्धं अभ्यासाच्या. मधल्या मधे माझ्यासारख्या बायका दोघांसाठी चहा टाकून बेजार. त्या वर्षांचं मला दुसरं काही आठवो न आठवो, झोप न झालेल्या डोळ्यांची चुरचुर मात्र नीट आठवते.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायच्या. त्यांचं गाव औशाच्या पलीकडं. गणपती बुडवायच्या रात्री त्या मिरवणूक बघायला गेल्या, पाय भरून आले म्हणून मारुतीच्या पारावर टेकल्या आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. पहाटे गाव खाली बसलं. घरात त्यांची जाऊ झोपलेली होती. त्या दिवसापासून आत्याबाईंचं एकच म्हणणं: बाहेर झोपलेलं उरतं, आत झोपलेलं जातं.

मी समजूत घालायची. "आत्याबाई, आपलं हे सिमेंटचं घर आहे. आत लोखंड घातलंय."

"लोखंड घातलंय व्हय?" त्या म्हणायच्या, "मंग तर लईच जड पडंल."

त्या जेवायच्याही दाराबाहेरच्या फरशीवर. पाणी हवं असलं की दारातून एक हात आत यायचा, पेल्यासकट. हात आत, बाई बाहेर. मी पेला भरायची, हात मागे जायचा.

लेकीच्या बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आधीच त्यांना खोकला धरला. पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे दवानं गळतो. त्यांचं अंथरूण सकाळी ओलसर लागायचं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना आत घ्या. ही थंडी पत्र्याखाली काढली तर यांना संक्रांत दिसायची नाही." त्यांच्या मुलानं हात जोडले, माझ्या लेकीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले, मी तर रडूनही दाखवलं. आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेडमध्ये जाऊन झोपल्या.

आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या लेकीनं घरात डेथ मेटल आणलं.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्यानं तिला कॅसेट भरून दिली होती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पिठाच्या गिरणीत कुणीतरी पडलंय आणि गिरणीवाला पट्टा बंद करायचं सोडून ढोल बडवतोय. लेक मात्र तो आवाज लावून भौतिकशास्त्राची गणितं सोडवायची, मान हलवत, जणू भूपाळी चालली आहे.

"हे गाणं आहे?" मी विचारलं.

"हो."

"आणि हा कुठं दुखतंय म्हणून ओरडतोय?"

"आई, तू जा बरं."

एका दुपारी तिनं आवाज जरा वाढवला. तिच्या खोलीची भिंत शेडच्या बाजूची. ते ढोल भिंतीतून खाली, खालून शेडच्या फरशीत. आत्याबाई आडव्या झाल्या होत्या, त्या उठून थेट फाटकापाशी, आणि "हाललं! हाललं!" म्हणून अशा ओरडल्या की गल्ली रिकामी झाली. वरच्या मजल्यांवरची पोरं वह्या घेऊन खाली, कुणाच्या तोंडाला दाढीचा साबण, कुणाच्या हातात पोळी. शेजारच्या आपा अर्धवट शिवलेलं ब्लाउज घेऊन दारात आल्या. आपांचं घराणं लातुरातलं जुनं, नवऱ्याचं घड्याळाचं दुकान, आणि त्या स्वतः गल्लीभरच्या बायकांचे कपडे शिवायच्या.

"क्या हुआ भाभी?"

"हाललं म्हणतात."

आपांनी मागं वळून घरात पाहिलं. "मेरी मशीन की सुई तो हिली नै. सुई नै हिली तो जमीन बी नै हिली. जाव रे पोट्टेहो, पढो." पोट्टे गेले. जमिनीच्या बाबतीत आमच्या गल्लीत आपांच्या सुईचा शब्द शेवटचा.

त्या दिवशी आत्याबाईंनी बाज शेडमधूनही बाहेर काढली आणि फाटकाजवळ टाकली. आत यायचं राहिलं बाजूला, म्हातारी आता रस्त्याच्या दिशेनं निघाली होती. मी लेकीवर तणतणले. ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "आई, हा आवाज चालू असला की खालचा आवाज ऐकू येत नाही."

"खाली कसला आवाज? खाली मुरूम आहे."

भूकंपाच्या वेळी ती शाळकरी होती. आजीला वरच्याचं भय आणि हिला खालच्याचं, एवढी सोपी गोष्ट होती. पण तिथं मी मुरमाची माहिती देत उभी.

दुसऱ्या सकाळी नवऱ्यानं चहा पिता पिता पेपर वाचला आणि म्हणाला, "हे बघ. अशी गाणी उलटी लावली की त्यात सैतानाचे निरोप ऐकू येतात, असं परदेशातले लोक म्हणतात." मग पान उलटून तो तुरीचा भाव वाचायला लागला. त्याचा विषय तिथं संपला. माझा सुरू झाला. आत्याबाई आत का येत नाहीत, याचं कारण मला सापडलं होतं! घरात सैतान आहे. म्हातारी माणसं भोळी असतात, त्यांना वास लागतो. निरोप काय आहे तो ऐकायचा, कॅसेट जाळायची, घरावरून लिंबू उतरवायचं, आणि आत्याबाईंना हाताला धरून आत आणायचं. बघा, मोठी विचारी बाई.

दुपारी नवरा कामावर, लेक क्लासला. मी टेप स्वयंपाकघरात आणला आणि 'उलटं लावायचं' म्हणून कॅसेट काढून दुसऱ्या बाजूनं घातली. तिकडंही गिरणीत माणूस पडलेलाच. मी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग माझी खात्री झाली की हे गाणं दोन्ही बाजूंनी उलटंच आहे, आणि सुलटी बाजू भाच्यानं ठेवूनच घेतली आहे. भाच्याला फोन करावा असंही मनात आलं. केला नाही, हे त्या बाईच्या हातून घडलेलं एकमेव शहाणपण.

थोड्या वेळानं आठवलं. माझ्या भजनाच्या कॅसेटची रीळ टेपनं एकदा खाल्ली होती. गुंता सोडवून ती गडबडीत गुंडाळताना मधे पीळ पडला, आणि तेवढं एक भजन शेवटाकडून वाजायला लागलं. बुवा जणू रशियन बोलत होते. म्हणजे पीळ पाडायचा, की उलटं. पीळ काढायचा, की सुलटं. हे ज्ञान माझ्या पदरात पडून होतं, आणि मी सैतानाच्या कामी ते पहिल्यांदा वापरत होते.

मी लेकीच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली, फरशीवर फतकल मारलं आणि रीळ ओढून काढली. चैत्रातल्या शेवयांसारखी ती पसरली, काळ्या शेवया. एका गाण्याएवढी रीळ निघाली असं वाटल्यावर पीळ पाडला आणि पेन्सिलीनं गुंडाळून परत आत घातली. मान मोडून आली. खबरदारी म्हणून उदबत्तीही लावली. सैतान आलाच तर त्याला वाटावं, इथं सत्यनारायण आहे. मग बटण दाबलं.

सुलटं वाजताना तो माणूस जे बाहेर फेकत होता, ते आता आत ओढून घेत होता. रीळ पाठीकडून वाजत असल्यामुळं ढोल उशीखाली दाबल्यासारखे झाले होते. घर्रर्रर्र असा आवाज खालून चढत यायचा, चढत चढत टोकाला जायचा आणि टपकन बंद. जरा शांत. मग पुन्हा घर्रर्रर्र. मी टेपला कान लावून बसले. सैतान बोलणार कुठल्या भाषेत, हा प्रश्न मला तेव्हा पडला. इंग्रजीत बोलला तर माझी पंचाईत होती. माझं इंग्रजी शाळेतल्या मांजर-उंदरापाशीच थांबलेलं, निरोप घेण्याइतकं नव्हतं.

तेवढ्यात दारातून पेल्यासकट हात आत आला. आला तो तसाच हवेत राहिला.

"कोन घोरायलंय गं आत?" बाहेरून आत्याबाईंचा आवाज.

"कुणी नाही, आत्याबाई. टेप आहे."

"टेप कशाला घोरंल? गडी हाय."

हाताच्या मागून डोकं आलं. डोक्याच्या मागून एक पाय. टेप घर्रर्रर्र करून टपकन थांबला.

"आमचं म्हातारं असंच वडायचं," आत्याबाई टेपकडं बघत म्हणाल्या. सासरे जाऊन तोवर कितीतरी वर्षं झालेली होती, भूकंपाच्याही आधी, आपल्या मरणानं. "वड वड वडायचं आन् मदीच थांबायचं. थांबलं की माझा जीव वर. हालवून बगायची, हाय का गेलं. मंग पुन्ना वडायचं. माळवदावर झोपलं तर खाली गोठ्यात म्हस कान टवकारायची."

पुन्हा घर्रर्रर्र.

"हां. आलं बग," त्या म्हणाल्या, आणि दुसरा पायही आत आला.

माझ्या जिभेवर होतं, 'आत्याबाई, तुम्ही आत आलात!' आयुष्यात एकदाच मला वेळेवर गप्प बसायचं सुचलं. त्या पिठाच्या डब्याला टेकून बसल्या, पाय पसरले, पेला मांडीवर ठेवला. एकदा खोकल्या. मान डाव्या खांद्यावर कलली. वर लोखंड घातलेला स्लॅब, खाली आत्याबाई, झोपलेल्या.

आता अडचण अशी, की मी पीळ पाडलेली रीळ एका गाण्याएवढीच. ती संपली की पुढं सुलटं, म्हणजे गिरणी आणि ढोल, म्हणजे 'हाललं', म्हणजे फाटक. मी टेपशी मांडी घालून बसले. सासऱ्यांचं घोरणं संपत आलं की बटण दाबायचं, रीळ मागं न्यायची, पुन्हा लावायचं. बटणाची खट्ट ऐकू येऊ नये म्हणून त्यावर पदर धरायचा. माझे डोळे मिटायला लागले. पायाला मुंग्या. गॅसवरचं दूध उतू गेलं ते मी बघत राहिले; उठले तर बटण कोण दाबणार? सैतानाला पकडायला बसलेली बाई, त्याचीच चाकरी करून राहिली होती.

लेक क्लासहून आली. दारात तिनं चपला काढल्या आणि तिथंच थबकली. आधी आजीकडं पाहिलं, मग स्लॅबकडं, मग टेपकडं. तिनं ते गाणं ओळखलं.

"आई!" ती कुजबुजत किंचाळली. हे तिला चांगलं जमतं. "माझी कॅसेट! काय केलंस तू?"

"पीळ पाडला."

"का पण?"

"सैतान बोलतो का ते बघायला."

तिनं कपाळावर हात मारला. "मग बोलला?"

"न्हाई. तुझे आजोबा निघाले."

ती खाली बसली. खांदे हलायला लागले म्हणून मी घाबरले, पण ती हसत होती, ओढणी तोंडात कोंबून. मग तिनं मला कोपरानं बाजूला सारलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि बटणावर बोट ठेवलं. "जा, पाठ टेक. पापण्या मिटायल्यात तुझ्या."

मी भिंतीला टेकले असेन-नसेन, लाइट गेली. त्या दिवसांत ती रोज जायची, आणि टेपमधले सेल कधीच संपलेले होते. पंखा मंदावला. घोरणं लांबत लांबत खोल गेलं आणि थांबलं. दुपारच्या त्या शांततेत मला पहिल्यांदाच लेकीचा श्वास ऐकू आला. ती फरशीकडं बघत होती.

आत्याबाईंनी डोळे उघडले.

त्यांच्या नजरेसमोर सरळ स्लॅब होता. त्यांनी तो पाहिला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहिला, बाजारात म्हैस बघावी तसा. पेल्यावरची त्यांची बोटं घट्ट झाली. लेकीनं हात पुढं केला. धरावं की धरू नये, तिला कळेना, हात तसाच अधांतरी राहिला.

"बंद का केलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"लाइट गेली, आज्जी."

"मंग यिऊ दे." त्यांनी पेला बाजूला ठेवला, फरशीवर कुशीला वळल्या आणि डोक्याखाली हात घेतला. जरा वेळानं, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "माजी वाकळ आना गं आत. फरशी गार लागायलीय."

फाटकाजवळच्या बाजेवरून जुन्या लुगड्यांची ती जाड वाकळ आम्ही दोघींनी उचलून आणली. दारातून आत नेताना लेकीचे डोळे भरले. मला एवढंच कळत होतं की वाकळ जड आहे आणि माझी कंबर धरली आहे.

लाइट आल्यावर लेकीनं उरलेली रीळ स्वतः ओढून काढली आणि दोन्ही बाजूंची सगळी गाणी पीळ पाडून गुंडाळली, न सांगता.

"मग तुला अभ्यासाला काय?" मी विचारलं.

"बघू."

"आणि ते खालचं?"

"खाली मुरूम आहे म्हणालीस ना तू." तिनं पेन्सिल फिरवायची थांबवली नाही. पण त्या संध्याकाळी वह्या घेऊन ती खोलीत गेली नाही, आजीच्या वाकळेच्या कडेला बसली. वर्षभर तिथंच बसली. मार्क बरे पडले. डॉक्टर काही झाली नाही, त्याचंही आता कुणाला वाईट वाटत नाही. ती संक्रांत आत्याबाईंनी पाहिली, आणि त्यानंतरच्याही काही. फिरून फिरून रीळ विरली, आवाज फाटला, तरी त्या म्हणायच्या, "म्हाताऱ्याला सर्दी झालीय."

पण हे सगळं पुढचं. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं वाकळ होती. उघड्या अंगणातली सगळी धूळ, दव आणि शेणीचा धूर तिनं पिऊन ठेवला होता, आणि घरात आल्याबरोबर सगळं सोडायला लागली. सकाळी ती मी हौदापाशी नेली. भिजल्यावर ती एकटीला हलेना, म्हणून आपांना हाक मारली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही पिळायला लागलो.

"अंदर कैसे आई बुढिया?" आपांनी विचारलं.

"सैतानानं आणलं."

"अच्छा?" आपांनी टोक दुसऱ्या हातात घेतलं. "तो उसकू बोलो, मेरे मियाँ कू बी घर कू लाव. दुकान पेच पडे रहते."

मला हसू आलं आणि हातातलं टोक सुटलं. वाकळ पुन्हा हौदात. पुन्हा ती वर ओढायचं बळ दोघींतही नव्हतं. आम्ही ती तशीच निथळत कडेवर टाकली आणि शेजारी बसलो, ओले हात मांडीवर टाकून. पहाटेपासून दोघींच्याही पोटात चहाखेरीज काही नव्हतं.

"कोन हाय तिकडं?" आतून आत्याबाईंचा आवाज आला. "दार लावा की गं. गार वारं यायलंय आत."

मला उठवेना. आपा उठल्या आणि त्यांनी दार लावलं.